खिडकीच्या या बाजूनं ऑक्सफर्ड

पोस्टात ३४ वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. साताऱ्यात, कऱ्हाडला, मधली चार वर्षं कोरेगावला. फॉर्म अर्धवट भरून आणणारे, सही दर वेळी वेगळी करणारे, रांग सोडून बाजूनं हात आत घालणारे, सगळे बघून झालेत. त्यामुळं लेकीच्या पदवीदानासाठी ऑक्सफर्डला जायचं ठरलं तेव्हा वाटलं, फॉर्म आणि रांगांचं आपल्याला काय एवढं! पहिल्याच फॉर्मनं घाम फोडला. आणि शेवटची रांग होती पबातली. तिची तर मी आयुष्यात कल्पना केली नव्हती.

ज्यांची मुलं तिकडं शिकतायत आणि ज्यांना कधी ना कधी 'आई, तुम्ही दोघंही या' असा फोन येणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी व्हिसा. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, त्याच्या आधी नाही. आमचं विमान २०२५ च्या १७ जुलैचं. म्हणून २१ एप्रिलला, सोमवारी, रात्रीची भांडी घासून झाल्यावर मी आणि हे लॅपटॉप घेऊन बसलो. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी तेव्हा माणशी १२७ पौंड होती, त्याच महिन्यात ११५ वरून वाढलेली. एकाचे साधारण साडेचौदा हजार, दोघांचे एकोणतीस. व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही. हे वाचल्यावर यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तूच भर, तुझा हात बसलाय."

फॉर्म ऑनलाइन असतो आणि मध्येच जतन करून ठेवता येतो, तेवढी दया आहे. मागच्या दहा वर्षांतला परदेश प्रवास, महिन्याचं उत्पन्न, महिन्याचा खर्च, सगळं विचारतात. मी अडले ते आईवडिलांच्या जन्मतारखेपाशी. वडिलांची दाखल्यावर १ जून. त्या काळी गुरुजी शाळेत नाव घालताना अख्ख्या गावाला १ जूनलाच जन्माला घालायचे. आईची तर तीही नाही. 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' एवढंच ती सांगायची, साल तिलाही ठाऊक नव्हतं. हे म्हणाले, "आता ब्रिटिश सरकारला नागपंचमी कशी कळवणार?" शेवटी १ जानेवारी टाकली, अंदाजानं साल टाकलं, आणि फॉर्मच्या शेवटी जादा माहितीची एक चौकट असते तिच्यात लिहिलं की जन्माची नोंद उपलब्ध नाही, तारीख अंदाजे आहे. त्यावरून काही अडलं नाही. तुमचंही असंच असेल तर घाबरू नका, खोटी कागदपत्रं मात्र करायला जाऊ नका.

खरी काळजी बँकेच्या खात्याची होती. मार्चमध्ये आमची पाच लाखांची एक ठेव मुदत संपून खात्यात आली होती. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की तपासणाऱ्याला शंका येते, दाखवण्यापुरते कुणाकडून तरी उसने घेतले असतील अशी. मी खिडकीमागे असते तर मलाही आली असती. म्हणून ठेवीची पावती जोडली, आणि एका पानाचं पत्र लिहिलं: रक्कम कुठून आली, पेन्शन किती, घर कुणाच्या नावावर, परत का येणार. सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, दोघांचे पेन्शनचे कागद, आयकर विवरण, लेकीचं निमंत्रणपत्र, तिच्या व्हिसाची नोंद आणि समारंभाच्या बुकिंगचा ईमेल. विमानाचं तिकीट आधी काढू नका असं खुद्द सरकारी संकेतस्थळच सांगतं. आम्ही तरी काढलं, स्वस्त मिळालं म्हणून. पुढचे तीन आठवडे त्या स्वस्ताईनं झोप खाल्ली.

ठसे आणि फोटोसाठी पुण्याची वेळ मिळाली २ मेची, सकाळी साडेदहाची. १ मेला सुट्टी, त्यामुळं दुसऱ्या दिवशी ही गर्दी. पहाटेच्या एसटीनं गेलो. खिडकीवरच्या मुलानं कागद बघायच्या आधीच 'मॅडम, लाउंज घ्या, फास्ट ट्रॅक घ्या, एसेमेस घ्या' सुरू केलं. सगळ्याला वेगळे पैसे, आणि बोलायची ढब अशी की न घेतलं तर व्हिसाच अडेल. नीट ऐका: यातलं काही सक्तीचं नसतं. मी शांतपणे 'नको' म्हणाले. तीन वेळा. ठसे घेताना मात्र माझी बोटं उमटेनात. आयुष्यभर ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजलेल्या, रेषा राहिल्यात कुठं! चौथ्या खेपेला मशीननं कबूल केलं.

२२ मेला पासपोर्ट घरी आले, व्हिसाचं स्टिकर लागून. कुरियरनं आले, स्पीड पोस्टानं नाही, हे जरा मनाला लागलं. आता तिकडं स्टिकर जाऊन ऑनलाइन नोंद येतेय, तेव्हा अर्ज करताना तुमच्या वेळचा नियम बघून घ्या.

प्रवासाबद्दल एकच सांगते. ऑक्सफर्डला जायला लंडन शहरात शिरावंच लागत नाही. हीथ्रो विमानतळावरून थेट बस आहे, साधारण दीड तासात ती ऑक्सफर्डच्या ग्लॉस्टर ग्रीन स्टँडवर सोडते. स्पेलिंग वाचून त्या नावाचा उच्चार करायला जाऊ नका. असंच एक कॉलेज लिहिताना मॅग्डालेन दिसतं आणि बोलताना मॉडलिन होतं. यांनी पहिल्या दिवशी रस्ता विचारताना 'मॅग्डालेन' म्हटलं, तर समोरच्या आजोबांनी यांना अगदी प्रेमानं उलट्या दिशेला धाडलं.

राहायची सोय लेकीनं एका कॉलेजात केली होती. सुट्टीत विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. आम्हाला रात्रीचे ९२ पौंड पडले, नाश्त्यासकट. लिफ्ट नव्हती, तिसरा मजला, दगडी गोल जिना. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच तळमजला मागून घ्या. मी मागितला नव्हता.

शुक्रवारी, १८ तारखेला, लेक झगा भाड्यानं आणायच्या आणि कसल्याशा कामांच्या गडबडीत होती. आम्ही दोघंच बाहेर पडलो. कारफॅक्स चौकात उभं राहून यांनी विचारलं, "पण विद्यापीठ कुठंय?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाजी विद्यापीठाला कसं मोठं फाटक, पुतळा, पुढं लांबच्या लांब आवार. इथं तसं काही नाही. चाळीसच्या आसपास कॉलेजं गावभर पसरलेली, गावाच्या घरांना आणि दुकानांना खेटून, आणि ती सगळी मिळून विद्यापीठ. १०९६ मध्येही इथं शिकवणं चालू होतं म्हणतात. म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पाचशे वर्षं होती.

रस्त्यावरून कॉलेज म्हणजे नुसती दगडी भिंत. भिंतीत भलं मोठं लाकडी दार, आणि त्या दारात एक छोटं दार, आपल्या वाड्याच्या दिंडी दरवाजासारखं. ते बंद दिसलं की परत फिरायचं नाही. आत डाव्या-उजव्या हाताला एक खिडकी असते, तिथं पोर्टर बसतो. त्याला विचारायचं. पुष्कळ कॉलेजं दुपारनंतर पाहुण्यांना आत सोडतात, काही फुकट, काही तिकीट लावून, आणि समारंभ असला की पाटी लावून बंद. आमच्या वाटेतली दोन बंद होती. तिसऱ्या ठिकाणच्या पोर्टरनं आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, उद्या कुणाचं आहे? लेकीचं, म्हटल्यावर तो उठून उभा राहिला, अभिनंदन म्हणाला, आणि हातानंच आत जायला सांगितलं. खिडकीमागचा माणूस उठून उभा राहतो म्हणजे काय, हे खिडकीमागं बसलेल्यालाच कळतं.

आतली हिरवळ बघायची असते, तुडवायची नसते. तशी पाटी असते. हे चपला काढूनच निघाले होते.

सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर मी चढले. १२७ पायऱ्या, शेवटच्या इतक्या अरुंद की वरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. वरून रॅडक्लिफ कॅमेऱ्याचा घुमट समोर येतो. नाव कॅमेरा असलं तरी ती वाचनाची इमारत आहे, १७४९ मध्ये पुरी झालेली, आणि बॉडलियन ग्रंथालयाचा भाग. ब्रॉड स्ट्रीटवर रस्त्याच्या मधोमध दगडांचा एक क्रॉस आहे. तिथं १५५५ आणि १५५६ मध्ये तीन बिशपांना धर्मावरून जिवंत जाळलं. लोक त्यावरून सायकली नेत होते. यांनी मात्र वळसा घातला.

पैसे वाचवायचे असतील तर ॲशमोलियन, पिट रिव्हर्स आणि ब्रॉड स्ट्रीटवरचं विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय, तिन्ही फुकट. या शेवटच्यात एक फळा आहे. १९३१ मध्ये आइन्स्टाइननं त्यावर खडूनं लिहिलं, ते कुणी पुसलंच नाही. हे म्हणाले, आमच्या शाळेत असता तर पुढच्या तासाला गेला असता.

आता पहिला पब. दुपारी पाय मोडले होते, पाऊस शिंतडत होता आणि समोर पब होता. लेकीनं सांगितलं होतं की तिथं नुसतं दारू पिणारे बसत नाहीत, जेवायला कुटुंबं येतात, म्हाताऱ्या बायका एकट्या पेपर वाचत बसतात. हे गळ्यात तुळशीची माळ घातलेले. बारा दिवसांपूर्वीच आषाढी झालेली. दारात थबकले. मी म्हटलं, चहा मिळतो म्हणतात. आत गेलो, खिडकीजवळ टेबल बघून बसलो. आणि बसून राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरं ग्लास उचलायला यायची, हसायची, जायची. वीस मिनिटं झाल्यावर हे हळूच म्हणाले, "आपल्याला वाढायचं नसेल त्यांना." मलाही तसंच वाटलं, आणि वाईट वाटलं. आम्ही छत्री उघडून बाहेर पडलो.

संध्याकाळी लेकीला सांगितलं तर ती हसून हसून रस्त्यातच खाली बसली. "आई, तिथं कुणी येत नाही विचारायला! आपण जायचं काउंटरला."

मग तिनं आम्हाला टर्फ टॅव्हर्नला नेलं. वाटेत कोपऱ्यावर एक इमारत दाखवली, शेंड्यावर वारा दाखवायला सोनेरी हत्ती. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. ज्यांचा संस्कृत कोश आपल्याकडं पंडितांच्या घरोघरी असायचा, त्या मोनियर विल्यम्सनी उभी केलेली. त्यांचा जन्म १८१९ मध्ये मुंबईचा. पायाभरणी १८८३ ची, आणि तिचा लेख चक्क देवनागरीत, संस्कृत श्लोकांत: 'शालेयं प्राच्यशास्त्राणां...' दार बंद होतं, लेकीनं फोनवर फोटो दाखवला. दोन दिवस नुसती इंग्रजी अक्षरं वाचून थकलेल्या डोळ्यांना त्या काना-मात्रांनी बरं वाटलं.

तिथून उसाशांच्या पुलाखालून, म्हणजे 'ब्रिज ऑफ साइज'खालून, गेलं की डाव्या हाताला दोन भिंतींच्या मधे एक बोळ आहे. सेंट हेलेन्स पॅसेज. पूर्वी याला हेल, म्हणजे नरकाचा बोळ म्हणायचे. हे ऐकून यांनी माळेला हात लावला. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी रुंदी. दोनदा वळला की एकदम अंगण, माणसं, दिव्यांच्या माळा, आणि मागं जुन्या गावकुसाची दगडी भिंत. आतलं आढं इतकं खाली की यांच्यासारखा साडेपाच फुटी माणूससुद्धा वाकतो.

लेकीनं मला हाताला धरून काउंटरपाशी उभं केलं आणि पबाची रीत शिकवली. आधी टेबल धरायचं, त्यावरचा नंबर लक्षात ठेवायचा. मग एकानं काउंटरला जायचं. पेय तिथंच मिळतं, पैसे तिथंच द्यायचे, ग्लास आपणच उचलून आणायचे. जेवण हवं असेल तर टेबलाचा नंबर सांगायचा, ते आणून देतात. बक्षिशी ठेवायची गरज नाही. साधं नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. दारू न पिणाऱ्यांसाठी लाइम अँड सोडा सगळ्यात स्वस्त. आणि जिंजर बिअर. या नावाला यांनी जोरात नकार दिला. ती असते आल्याचं सरबत, झणझणीत, आमच्या घशाला फार बरी वाटली. फक्त तिचे दारूवाले प्रकारही असतात, तेव्हा 'अल्कोहोल नाही ना?' एवढं विचारून घ्या. कुणी हसत नाही.

काउंटरवर चार लाकडी दांडे उभे होते, हातभर लांब. मुलीनं ग्लास खाली धरून एक दांडा स्वतःकडं ओढला, सावकाश, पूर्ण, मग सोडला, मग परत. थेट आमच्या माहेरची हापशी! तळघरातल्या पिंपातून एल, म्हणजे तिकडची बिअर, अशीच हापसून वर काढतात, गॅसनं ढकलत नाहीत. ग्लास भरत आला की ती थांबली, फेस बसू दिला, आणि मग शेवटचा अर्धा हापसा मारला. अर्धा पाइंट म्हणजे २८४ मिली, लेकीपुरता. पंचविशीच्या आतलं कुणी दिसलं की ओळखपत्र मागतात. तिचं मागितलं. आमच्याकडं त्या मुलीनं नुसतं बघितलं.

एक घोट मी घेतला, खोटं कशाला बोलू. थंडगार नव्हतीच, जेमतेम माठातल्या पाण्याइतकी. कडू. गुळवेलीच्या काढ्यात कुणी भाजलेलं धान्य टाकावं तसं. दुसरा घोट घेतला नाही. हे ग्लासाजवळ नाक नेऊन म्हणाले, "कारखान्याच्या डिस्टिलरीवरून तीस वर्षं सायकलनं गेलोय. हा वास सोज्वळ आहे." त्या रात्री आमचं तिघांचं पिण्याचं बिल १० पौंड ४० पेन्स झालं, आणि बटाट्याच्या चिप्सचे वेगळे.

शनिवारी समारंभ. शेल्डोनियन थिएटर, क्रिस्तोफर रेननं बांधलेलं, १६६९ मध्ये पुरं झालेलं. बाहेर कठड्यावर दाढीवाल्या दगडी मुंडक्यांची रांग. पाहुण्यांची तिकिटं मोजकीच असतात आणि लवकर जाऊन बसावं लागतं. वरच्या बाकांना पाठ नाही. घडी करून शाल न्या, बुडाखाली घ्यायला. समारंभ चालू असताना फोटो काढू देत नाहीत.

सगळं लॅटिनमध्ये. कळत काही नव्हतं, पण लग्नातले मंत्र तरी कुठं कळतात? पोरं घोळक्यानं पुढं यायची, वाकायची, एका दारानं बाहेर जायची आणि थोड्या वेळानं नवा झगा, नवी टोपडी घालून परत आत. तेव्हा टाळ्या. लेक आत आली तेव्हा मला ती आधी ओळखूच आली नाही, शेजारच्या बाईंनी यांना कोपरानं ढोसून दाखवली.

तिथं बसल्या बसल्या मला कॉर्नेलिया सोराबजी आठवत होत्या. नाशिकच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८८९ मध्ये इथल्या सोमरव्हिल कॉलेजात आल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, इथं ती देणारी पहिली बाई. पण विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. १९२० मध्ये द्यायला लागलं, आणि सोराबजींच्या हातात पदवी आली १९२२ मध्ये. तीस वर्षं एका कागदासाठी. माझ्या खिडकीपुढं उभे राहिलेले कितीतरी चेहरे उगाचच डोळ्यांपुढं आले, 'उद्या या' सांगितलेले.

नंतर लेकीच्या मैत्रिणींबरोबर द बेअर नावाच्या पबात. इथं भिंतींवर आणि आढ्यावर काचेच्या पेट्या आहेत, आणि पेट्यांत टायचे तुकडे. नुसती खालची टोकं, कापलेली, शेजारी शेजारी लावलेली, प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत कुठला क्लब, कुठली पलटण, कुठली शाळा. साडेचार हजारांवर आहेत म्हणे. १९५२ मध्ये तिथल्या मालकानं सुरू केलं: तुमचा टाय संग्रहात नसेल तर टोक कापू द्या आणि अर्धा पाइंट बिअर घ्या. हे ऐकताक्षणी यांनी गळ्यातला टाय सोडवला, चौघडी केली आणि खिशात घातला. साताऱ्यात खास समारंभासाठी घेतलेला, साडेचारशेचा. मग निर्धास्त होऊन अर्धा तास मान वर करून साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा टाय शोधत होते. सापडला नाही.

शाकाहारी जेवणाचं सांगते. प्रत्येक पबात काहीतरी मिळतंच, पण 'ग्रेव्ही कशाची?' हे विचारा. भाज्या भरून भाजलेल्या 'पाय'वरही (इंग्रजीतला pie) मटणाचा रस्सा ओततात कधी कधी. दोन दिवस हे खाऊन कंटाळलो तर काउली रोडवर जायचं, तिथं डाळ, पीठ, कढीपत्ता सगळं मिळतं. लेकीच्या खोलीवर रविवारी सकाळी मी पिठलं केलं.

त्याच दुपारी सेंट जाइल्स रस्त्यावर गेलो. एका बाजूला ईगल अँड चाइल्ड हा पब, जिथं टॉल्किन, सी. एस. लुईस ही लेखक मंडळी दर आठवड्याला जमायची. लांबून लोक बघायला येतात, पण आम्ही गेलो तेव्हा तो २०२० पासून बंदच होता. काचेला नाक लावून परत फिरावं लागलं. नेमका समोर लँब अँड फ्लॅग. तोही २०२१ च्या जानेवारीत बंद पडला होता, पण स्थानिक लोकांनी गट करून चालवायला घेतला आणि २०२२ मध्ये परत उघडला. लेक म्हणाली, "आई, आज तू जा."

गेले. काउंटरवर गर्दी, सातआठ माणसं, आणि रांग नाही! सगळे आडवे, काउंटरच्या कडेला पसरलेले. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीनं सांगितलं, इथं ढकलाढकली होणार. मी कार्ड हातात धरून उभी राहिले. कुणी हात पुढं करत नव्हतं, कुणी 'ओ भाऊ' करत नव्हतं. आतला पोरगा एकाचं झालं की मान वर करायचा आणि बरोबर दुसऱ्याकडं बघायचा. थोड्या वेळानं लक्षात आलं, रांग आहे. ती त्याच्या डोक्यात आहे, आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात. तो माझ्या शेजारच्या उंच माणसाकडं वळला, तर त्या माणसानं माझ्याकडं बोट केलं. या बाई आधी आल्यात.

मी म्हटलं, "टू जिंजर बिअर, नो अल्कोहोल, अँड वन हाफ ऑफ..." आणि पुढचं नाव विसरले. दांड्याकडं बोट दाखवलं. त्यानं हापसलं. ट्रे मागितला तर ट्रेही मिळाला.

संध्याकाळी क्राइस्ट चर्च कॉलेजसमोर जाऊन बसलो. आतलं तिकीट माणशी वीस पौंडांच्या आसपास, आणि हॉल कधी कधी बंद असतो, आधी ऑनलाइन बघूनच या. पण तिथल्या टॉम टॉवर या मनोऱ्याची घंटा ऐकायला पैसे पडत नाहीत. रोज रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ ठोके. ऑक्सफर्ड ग्रीनिचच्या पश्चिमेला, म्हणून गावचं जुनं घड्याळ पाच मिनिटं मागं. त्यांच्या हिशेबी तेव्हा नऊ वाजतात. आणि १०१, कारण पूर्वी तेवढे विद्यार्थी होते, त्या वेळी दारं बंद व्हायची.

जुलैत नऊ वाजले तरी उजेड असतो. पहिला ठोका पडला तसा यांनी खिशात हात घातला. टायची घडी बाजूला सारून जपमाळ काढली आणि एकेका ठोक्याला एकेक मणी ओढायला लागले. लेक काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेनं गप्प केलं. बस गेली, दोन सायकली गेल्या, कुणीतरी आमच्याकडं बघून पुढं गेलं. घंटा थांबली.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "सात मणी उरले."